हात कामावर

तेत्तांनी मला फसवलं. सख्ख्या बापानं लेकीला! मेलेली फुलपाखरं आम्ही कागदाच्या तिकोनी पुड्यांत ठेवतो. त्यातली एक उघडली, तर आत गोळ्या. हाताच्या कंपावर दवाखान्यानं दिलेल्या, चार दिवसांच्या सगळ्या.

“तेत्ता, हे काय?”

ते ओट्यावर कॉफी पीत होते. डाव्या हातातली बशी खडखडत होती.

“सापडल्या? आता तूच घे.”

“थट्टा सुचतेय! शेजारीण माझ्याबद्दल म्हणते, तेन्री बापाकडे बघत नाही.”

“म्हणू दे. तिला दुसरा उद्योग काय!”

माझा संताप संताप झाला. आमच्या जाळीच्या खोलीत फुलपाखरांच्या माद्या जन्मतात, त्यांना जोडीला नर मात्र रानातला लागतो. तो आणणं हे तेत्तांचं आयुष्यभराचं काम. गोळ्या सुरू झाल्या, हात शांत झाला, आणि आठवडाभर ते रोज रिकामे परतले. जेवणावरून उठून जायचे. “मी आता काय कामाचा,” म्हणायचे. मग गेले चार दिवस रोज एक नर! मी मूर्ख, गावभर सांगत सुटले की औषधाचा गुण आला.

“चल माझ्याबरोबर,” ते म्हणाले.

नदीकाठी उन्हात ते खडकावर बसले. काळ्या पंखांवर हिरवा पट्टा असलेलं मेलेलं फुलपाखरू त्यांनी डाव्या बोटांत धरलं. हात कापू लागला. पट्टा हिरवा झाला, निळा झाला, विझला, पुन्हा हिरवा झाला.

“काठीला बांधायचं की,” मी म्हटलं.

“तुझ्या नवऱ्यानं बांधलं होतं. एक तरी आला? थांबलेला हिरवा म्हणजे त्याच्या लेखी पान. पालटत राहिला, तर बाई.”

“मग मुद्दाम हलवा ना.”

“तरुणपणी हलवायचो. आता मनगट दमतं. हे बघ, आपोआप होतंय.”

इतक्यात वरून एक नर उतरला. दोन घिरट्या घातल्या आणि सरळ त्या थरथरत्या बोटांवर येऊन बसला. तेत्तांनी उजव्या हातानं अलगद जाळी टाकली. चेहरा असा उजळला, की मला रडूच आलं. लोकांसमोर हाच हात मी ओढणीखाली झाकत होते. लाज वाटली मला माझी.

मग त्यांनी पाण्याची बाटली उचलली. अर्धं पाणी छातीवर सांडलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, “धर गं जरा.”

आजवर त्यांनी असं कधी मागितलं नव्हतं. मी बाटली धरली, दुसऱ्या हातानं पुडीतली गोळी पुढे केली. त्यांनी निमूट तोंड उघडलं.

“डॉक्टरला काय सांगशील?” गिळून झाल्यावर त्यांनी विचारलं.

“सांगेन, गोळी दुपारनंतरची द्या. सकाळी हात कामावर असतो.”