न रडलेल्या बाळाचं वजन

मित्रांनो, मी बाळं जोखणारा काटा. आता म्हातारा झालोय, पारड्याचा रंग कडेनं उडालाय. पण मला घडवणाऱ्या कारागिरानं माझी स्प्रिंग इतक्या हलक्या हातानं बसवली होती, की पारड्यात चमचा ठेवला तरी मी त्याची दखल घेई.

मी एका प्रसूतिगृहात आलो. तिथल्या वयस्कर सुईणीला सगळे आत्या म्हणत. तिचा शिरस्ता ठरलेला, आधी रडू, मग पारडं. बाळानं टाहो फोडला की ती त्याला माझ्यावर ठेवी. कितीतरी बाळांनी मला तिथल्या तिथे अंघोळ घातली! बाप मंडळी दारातून माना उंचावून वजन विचारत आणि आकडा ऐकून अशी फुगत, जणू नऊ महिने भार त्यांनीच वाहिला होता. मी मात्र दर वेळी थक्क होई. जगात एक नवं माणूस आलं, हे सगळ्यांत आधी मला कळत असे.

पण काही बाळं रडत नसत. थोडे श्वास घेत आणि शांत होत. त्यांना आत्या माझ्यावर ठेवत नसे. मऊ कापडात गुंडाळून बाजूला नेई आणि आईला सांगे, "पोटातच गेलं गं." जगून गेलं म्हटलं तर आई जन्मभर झुरेल, असं तिला वाटे. तिच्या मनात काडीचंही पाप नव्हतं. पण त्यामुळे ते बाळ ना जन्मलेल्यांत धरलं जाई, ना जन्मून दगावलेल्यांत. देशभर नवजात बाळांचे मृत्यू मोजले जात, तेव्हा आमचं प्रसूतिगृह फार चांगलं दिसे. झाकली मूठ सव्वा लाखाची!

एकदा ती मोजणी करणाऱ्या खात्यातल्या एक बाई आल्या. खाटेखाटेपाशी बसून त्या आयांशी बोलत होत्या. शिवणकाम करणाऱ्या एका मुलीचं बाळ त्याच सकाळी गेलं होतं. ती आत्याचा हात धरून म्हणाली, "आत्या, त्याचं पोट वरखाली होताना मी पाहिलं हो. सगळे म्हणतात भास झाला. नवरासुद्धा. मला वेड लागलंय का?"

आत्यानं मोजणीवाल्या बाईंकडे पाहिलं. खरं बोलावं तर इतक्या वर्षांच्या नावलौकिकावर पाणी पडणार. खोटं बोलावं तर ही पोर स्वतःच्याच डोळ्यांवरचा विश्वास गमावून घरी जाणार. आत्या खाटेवर टेकली.

"वेडबिड काही नाही लागलं तुला. होता गं तो. थोडा वेळ होता."

मग तिनं त्याला आणलं आणि आईच्या समोर माझ्या पारड्यात ठेवलं. माझा काटा हलला. आकडा मोठा नव्हता, पण शून्यही नव्हता. आई ढसाढसा रडली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "म्हणजे मी आई झाले होते."

त्या दिवसापासून श्वास घेतलेलं प्रत्येक बाळ माझ्यावर आलं. साहजिकच आमचा आकडा चढला. वरून साहेब तणतणत आले. "आत्या, तुमच्याकडचे मृत्यू एकदम वाढले कसे?"

"वाढले नाहीत साहेब, आधी आम्ही मोजत नव्हतो."

त्या वजनांवरूनच कळलं, की जाणारी बरीच बाळं फार हलकी होती, म्हणूनच गारठत होती. मग त्यांना आईच्या छातीशी उघड्या अंगानं ठेवू लागले. श्वास द्यायची पिशवी आली. मोजणीवाल्या बाई गावोगाव हिंडल्या. आमच्यासारखीच चूक कितीतरी ठिकाणी होत होती, तीही सुधारली.

आता इथे चकचकीत आकड्यांचा नवा काटा आलाय आणि मी फळीवर बसलोय. समोरच्या भिंतीवर बाईंनी लावलेला तक्ता आहे. त्यावर साऱ्या देशातल्या नवजात बाळांच्या मृत्यूंची रेषा एके ठिकाणी वर चढते आणि मग वर्षानुवर्षं उतरतच जाते. एका रेषेत एवढी माणसं मावतात, याचं मला अजून नवल वाटतं. आणि ती जिथे उतरते ना, तिथे शाळेला उशीर झाला म्हणून धावणारी पोरं आहेत, तुमच्यासारखी. मित्रांनो, एवढंच मागणं आहे. कुणी थोडंच जगलं, म्हणून त्याला मोजायचं सोडू नका.

परवा ती शिवणकामवाली आपल्या मुलीला घेऊन आली होती. तक्त्यावर रेषा चढते त्या जागी तिनं बोट ठेवलं आणि मुलीला म्हणाली, "हा बघ, तुझा दादा."