बाळंतिणीच्या दारावरची घोंगडी

मित्रांनो, आधी नाकावरचा हात काढा बघू! मी एक जुनी घोंगडी आहे, आणि जुन्या घोंगडीला मेंढीचा वास येणारच. त्या वासाची मला मुळीच लाज नाही. मला लाज वाटते ती एका दाराची. तेच आज सांगणार आहे.

माझा जन्म करमाडजवळच्या माळावरचा. बिरू आबांनी आपल्या काळ्या मेंढ्यांची लोकर कातरली, त्यांच्या बायकोनं, बानाबाईनं, तिचं सूत कातलं आणि विणकरानं मागावर मला विणलं. मग चिंचोक्याची खळ लावून मला उन्हात ताणलं. काय सांगू, मी अशी कडक झाले की उभी केली तर उभी राहायचे!

मग माझे कामाचे दिवस सुरू झाले. पावसात मी आबांच्या डोक्यावर, थंडीत अंगावर, दुपारी बाभळीखाली अंगाखाली. पाहुणा आला की आधी मला अंथरायचं, मग पाणी द्यायचं. "शंभर चादरी एकीकडं अन् माझी घोंगडी एकीकडं," असं आबा म्हणायचे आणि मी मनातल्या मनात फुगायचे.

पण दिवस बदलले. मेंढ्या कमी झाल्या. आबांचा मुलगा बद्रीनाथ शेंद्र्याच्या कंपनीत लागला. दोन खोल्यांचं पत्र्याचं घर झालं आणि घरात एक गुबगुबीत, फुलाफुलांचं ब्लँकेट आलं. मला गुंडाळून पेटीवर टाकलं. कितीतरी हिवाळे मी तिथंच पडून होते. मित्रांनो, कुणी विचारत नसलं की जो कुणी विचारील त्याच्यासाठी आपण काहीही करायला तयार होतो. माझंही तसंच झालं.

बद्रीनाथची बायको आशा दुसऱ्यांदा बाळंत झाली. ऐन थंडीचे दिवस होते. बानाबाईनं आतल्या खोलीची खिडकी लावली, फटींत चिंध्या कोंबल्या. दार मात्र नीट मिटत नव्हतं. तेव्हा तिला माझी आठवण झाली. तिनं चौकटीला खिळे ठोकले आणि मला दारावर टांगलं.

"आता सुईएवढं वारं आत यायचं नाय," ती खूश होऊन म्हणाली.

आत शेगडी, ओव्याची धुरी आणि बाजेवर बाळ-बाळंतीण. आशा सासूला म्हणाली, "आत्याबाई, घुसमटतंय हो. जराशी खिडकी उघडू का?"

"घुसमटू दे! बाळंतिणीला वारं लागलं की जल्माचं दुखणं. तुमच्या मोबाईलमधी असं काय सांगत नसतेत."

मी आणखी ताठ झाले. बाहेरचा वारा मी आत येऊ दिला नाही. आतली हवा बाहेर जाऊ दिली नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

या घरात एक नियम होता. सर्दी-खोकल्याचं नाव काढायचं नाही. मोठी साथ आली होती त्या वर्षी बद्रीनाथला ताप आला, आणि गल्लीनं या घरचं दूध घेणं बंद केलं. तो बरा झाला तरी हापशावर बानाबाईच्या घागरीपासून बाया आपली घागर लांब ओढायच्या. ते तिच्या काळजाला लागलं होतं. तेव्हापासून घरात कुणी खोकलं की ती लगेच म्हणायची, "काय नाय, धूळ गेली नाकात."

एका संध्याकाळी थोरली नात सखू शाळेतून आली ती नाक ओढतच. पोरगी दुसरीत. बाईंनी विचारलं तरी तिनं "धूळ गेली" असंच सांगितलं होतं म्हणे! रात्री ती आजीच्या कुशीत, त्या फुलाफुलांच्या ब्लँकेटात शिरली. दोघींची तोंडं एकमेकींजवळ, आणि डोक्यावरून पांघरूण. दोन-चार दिवसांत सखू उड्या मारायला लागली आणि बानाबाई शिंकायला लागली. मोठ्या माणसाचं नुसतं पडसं ते, तिनं ते अंगावर काढलं.

सकाळी ती मला बाजूला करून आत शिरायची. जाता जाता माझ्याच कोपऱ्याला नाक पुसायची. मग पाय लांब करून बाळाला न्हाऊ घालायची, टाळू भरायची आणि शेवटी बाळाच्या कानांत आणि नाकात फुंकर मारायची. नाकातलं पाणी निघतं म्हणून ही आमच्याकडची जुनी रीत. सखूच्या वेळीही तिनं हेच केलं होतं, बद्रीनाथच्या वेळीही. मी दारावरून बघत होते. तिच्या त्या फुंकरीत किती माया होती, हे मी शपथेवर सांगेन. पण मायेबरोबर दुसरंही काही आत जात होतं, आणि ते मायेसारखंच डोळ्यांना दिसत नव्हतं.

एका सकाळी आशा घाबरून म्हणाली, "आत्याबाई, बाळ दूध ओढंना."

"पोट भरलं असंल. नायतर दिष्ट लागली. थांब, मीठ-मोहऱ्या ओवाळते."

"दिष्ट नाय! बघा ना कसं करतंय!"

बाळंतिणीच्या खोलीत पुरुष जात नसत. पण तो आवाज ऐकून बिरू आबांनी मला खस्सकन ओढलं. एक खिळा माझ्यासकट उपटून आला. बाळाच्या नाकपुड्या फुलत होत्या आणि प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता. आबांनी आयुष्यभर कोकरं बघितली होती. त्यांचा चेहराच उतरला.

"बद्री, ॲपे रिक्षा बोलाव! मोहऱ्या राहू दे बाने, लेकरू दमलंय श्वास घेऊन घेऊन."

आबांनी सवयीनं मला खांद्यावर टाकलं आणि आम्ही सगळे शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेलो. बाळाला आत घेतलं, ऑक्सिजन लावला. मला बाहेरच्या व्हरांड्यात अंथरलं. डॉक्टरीण बाई बाहेर येऊन म्हणाल्या, "हा श्वासाचा विषाणू आहे. मोठ्यांना साधी सर्दी होते, पण एवढ्या लहान बाळाच्या छातीत उतरतो. जवळून खोकलं, शिंकलं, न धुतलेल्या हातानं घेतलं की लागतो. बंद खोलीत तर हवेतच राहतो. घरात कुणाला सर्दी आहे का?"

"नाय," बानाबाई म्हणाली. "धूळ लई हाय आमच्याकडं."

मित्रांनो, ती माझ्यावरच बसली होती. तिनं खोकला दाबला तेव्हा तिचं सगळं अंग थरथरलं, ते मला कळलं. पण घोंगडीला तोंड कुठं असतं?

आशा बाळंतीण, रात्रभर जागी, दुसऱ्या दिवशी तिला उभं राहवत नव्हतं. सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही जरा पडा. बाळापाशी आजी बसतील. आजी, तुम्हाला सर्दीबिर्दी नाही ना?"

बानाबाई उठली. दारापर्यंत गेली. आत ओळीनं पाळणे होते, प्रत्येकात मुठीएवढं लेकरू. तिनं एक पाऊल आत टाकलं, आणि तिथंच थांबली.

"बाई," ती म्हणाली, "मला पडसं हाय. चार दिसांपून हाय. म्याच रोज नाकात फुंकर मारली लेकराच्या."

व्हरांड्यात बसलेली सगळी माणसं बघायला लागली. आशानं तोंड भिंतीकडं फिरवलं. बानाबाई परत आली, माझ्या अगदी कडेला बसली आणि पदर डोळ्यांपर्यंत ओढला.

आबा तिच्याजवळ येऊन बसले. मग म्हणाले, "खोकती मेंढी म्या कधी कळपात ठिवली नाय. येगळी बांधायची, पर चारा पैला तिला. मेंढरांचं कळलं मला, घरातलं नाय कळलं."

"माणसाला येगळं बसवायचं म्हंजी..." बानाबाई पदरातूनच म्हणाली, "घागर लांब ओढल्यावानी वाटतं हो."

आणि मी? माझी तर मान वर होईना. मला मान नाही, ती गोष्ट वेगळी! पण वारा अडवला म्हणून फुगणारी मीच, आणि त्या बिचाऱ्या बाळाला चार दिवस तोच तोच श्वास पुन्हा पुन्हा घ्यायला लावणारीही मीच.

बाळ वाचलं. हळूहळू दूध ओढायला लागलं आणि एक दिवस घरी आलं. खिडकी उघडली. मला गरम पाण्यानं धुऊन कडक उन्हात टाकलं. बानाबाईचा खोकला जाईपर्यंत ती आतल्या खोलीत गेली नाही, बाहेरूनच "झोपलं का गं?" विचारायची. आशा "व्हय" एवढंच म्हणायची.

बारशाच्या दिवशी गल्लीतल्या बाया आल्या. बानाबाई दारात उभी. प्रत्येकीला विचारायची, "पडसं, खोकला? नाय? मग हात धू अन् ये आत." तेवढ्यात आबांची थोरली बहीण दगडाबाई आली, हातात झबलं, आणि दारातच शिंकली. बानाबाईनं वाट अडवली.

"वन्सं, तुमी वट्यावर बसा."

"मला? मला दारात अडवती? या घरात माझा मान हाय का नाय?"

बानाबाई दारातून हलली नाही, सगळ्यांसमोर बोलली. "म्या सवताला दारात अडवलं नाय, वन्सं. लेकरू मरता मरता वाचलं. तुमचा मान हाय म्हनून तर सांगते."

मग तिनं मला आणलं, झटकलं आणि ओट्यावर अंथरलं. घरातली सगळ्यात मानाची बैठक! दगडाबाई तोंड फुगवून बसली खरी. पण पहिला पेढा आतल्या कुणाला नाही, तिलाच आला, आणि तो घेऊन आली आशा. "आत्याबाईंनी पाठवलाय," ती म्हणाली. मग खिडकीपाशी उभी राहून तिनं बाळ लांबूनच दगडाबाईला दाखवलं.

थोड्या वेळानं गल्लीतली आणखी एक बाई, आत जाता जाता, आपणहून वळली आणि "मला बी जरा खोकला हाय" म्हणत माझ्यावर येऊन टेकली. दगडाबाई तिच्यापासून हातभर सरकली, आणि दोघी हसल्या.

मित्रांनो, दाराची लाज माझ्या मनातून अजून गेलेली नाही, आणि जाऊही नये. तुमच्या घरी लहान बाळ असेल, म्हातारं माणूस असेल, तर एवढं ऐका. खिडकी उघडी ठेवा, हात धुवा, खोकताना तोंड झाका. पडसं झालं तर सरळ सांगा. आणि ज्यानं सांगितलं त्याला कोपऱ्यात टाकू नका. त्याच्यासाठी बाहेर चांगलंसं काहीतरी अंथरा, आणि पहिला घास त्याला द्या.