सरूच्या टेम्पोचे चार दांडे

नागोठण्याला अंबा नदी रस्त्यावर आली, त्या दिवशी जोहे गावच्या सरूचा टेम्पो पाणी प्यायला. घोटभर नव्हे. मागे शाडूच्या कच्च्या मूर्ती, पुढे कमरेएवढं पाणी, थांबावं तर माती विरघळणार. म्हणून सरूने पाय दाबून धरला आणि टेम्पोने अर्धी नदी नाकाने ओढली. खालच्या गावांतला पूर त्यामुळे हातभर उतरला, असं तिकडचे लोक सांगतात. मूर्ती सुक्याच पलीकडे पोचल्या. इंजिनाने मात्र धाडकन आवाज केला आणि मान टाकली.

रोह्याला हाशिमच्या गॅरेजात इंजिन उघडलं. हाशिमने उमेदीची वर्षं आखातात काढलेली. तिकडे त्याने म्हणे एका शेखाची गाडी उंटाच्या चरबीवर चालवून दाखवली होती. सरूच्या इंजिनातून जिवंत निवटा मासा निघाला आणि त्याने आपल्याला सलाम केला, असंही तो शपथेवर सांगतो. हाशिमच्या शपथेला रोह्यात भिजलेल्या काडेपेटीइतका भाव. पण पुढचं खरं होतं. चार कनेक्टिंग रॉडपैकी, म्हणजे पिस्टनला खालच्या क्रँकशी जोडणाऱ्या दांड्यांपैकी, दोन वाकले होते आणि पिस्टन सगळेच ओरखडले होते.

तेवढ्यात सरूचा दीर हिरामण आला. त्याने नवाकोरा टेम्पो घेतला होता, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नव्हतं.

"वयनी, भंगारवाल्याला बोलवू काय? लोखंडाला भाव हाय."

"तुमच्या गाडीचं प्लास्टिक आधी काढा, भावोजी. मग माझं लोखंड मोजा."

"कृष्णाबाईशी बोलणं झालंय माझं. नारळी पौर्णिमेआधी तुझा टेम्पो तिच्या दारात नसला तर भाडं माझं."

जोह्यातल्या कृष्णाबाईच्या मूर्तींच्या कारखान्यातले गणपती रोह्यापर्यंत पोचवायचं भाडं सरूने स्वतः मिळवलेलं होतं. नवरा कंपनीत शिफ्टला. टेम्पो, लायसन, भाडं, सगळं तिचं. आणि गणपतीचं भाडं म्हणजे लग्नातलं पान: एकदा दुसऱ्याने उचललं की ताटात परत येत नाही.

"दारात असंल," ती म्हणाली.

हिरामण हसत गेला. सरू हाशिमकडे वळली. "बोला चाचा. काय घेऊ, कुठं वाचवू?"

हाशिमने पिस्टनचे तीन खोके फळीवर मांडले. एक परदेशी, ज्याच्या किमतीत म्हैस आली असती. एक बिननावाचा, डबड्यासारखा वाजणारा. एक मधला, साधा, देशी. इंजिनाचा ब्लॉक लेथवर नेऊन त्यातली पिस्टनची भोकं थोडी मोठी करायची, म्हणून पिस्टन एक माप मोठे नि नवेच हवे होते. तिथे सुटका नव्हती.

"मधला," सरू म्हणाली. "मला शर्यत नाय लावायची, गणपती न्यायचेत."

"आणि दांडे? प्रेसखाली दाबून सरळ करून मिळतात. स्वस्त."

"तुमचं मन काय म्हणतं?"

"एकदा वाकलेल्याला वाकायची सवय लागते गो."

"मग ते नाय."

वरसे गावाच्या पुढे एका भंगारात याच जातीचा टेम्पो पडलेला होता. त्याच्या बोनेटातून जांभळीचं झाड उगवलं होतं आणि झाडाला, हाशिमच्या म्हणण्याप्रमाणे, ग्रीसच्या वासाची जांभळं लागत. त्यातले दोन दांडे शाबूत निघाले. सरूचे दोन चांगले आणि हे दोन, असे चार झाले. हाशिम जोडायला बसला, तशी सरूने त्याचा हात धरला.

"वजन सारखं हाय काय?"

"उन्नीस-बीस असंल. चालतं."

"तुम्हाला चालतं. वजन कमी-जास्त झालं की इंजिन थरथरणार. माझ्या टेम्पोत कच्ची माती बसते, चाचा. थरथर झाली की पयली गणपतीची बोटं जातात, मग सोंड, मग माझं भाडं."

हाशिमने उंटाची एक गोष्ट सांगून पाहिली. सरूने ऐकली नाही. ती कृष्णाबाईच्या कारखान्यातला रंग तोलायचा काटा मागून घेऊन आली. ह्या काट्यावर सोनेरी रंगाची चिमूट कमी पडली तरी कृष्णाबाईची शिंक अडते, अशी त्याची ख्याती. भंगारातले दोन्ही दांडे जड निघाले. दांड्यांच्या टोकांना कंपनीने घासण्यासाठीच ठेवलेला जास्तीचा लोखंडी उंचवटा असतो. तेवढाच घासायचा, असं हाशिमने बोटाने दाखवलं. सरू कानस घेऊन बसली. लग्नाआधीपासून तिने गणपतीच घासले होते. घासायचं नि तोलायचं, घासायचं नि तोलायचं. चारही दांडे काट्यावर एकच आकडा बोलायला लागले.

इथवर सगळं बरं झालं. मग शुक्रवार आला, हाशिम नमाजला गेला, आणि सरूच्या हाताला खाज सुटली.

नव्या पिस्टनच्या अंगावर बारीक रेघा होत्या, केसाएवढ्या. कारखान्यात अशी रेघ दिसली की कृष्णाबाई पाठीत धपाटा घालते. सरूने पॉलिशपेपर काढला आणि एक पिस्टन असा घासला की त्यात बघून भांग पाडावा.

हाशिम परतला. पिस्टन बघून मटकन टायरवर बसला.

"काय केलंस ह्ये?"

"रेघा होत्या, काढल्या."

"अगो, त्या रेघांत तेल थांबतं. गुळगुळीत पिस्टनवर तेल कुठं राहणार? कोरडा घासंल आणि भोकात चिकटून बसंल. आणि एक सुटा मिळत नाय. चौघांचा सेट घ्यावा लागतो."

सेटपुरते पैसे उरले नव्हते. सरू पिस्टनमधल्या स्वतःच्या तोंडाकडे बघत राहिली. ते तोंड तिला आवडलं नाही.

"चाचा, गुळगुळीत मूर्तीवर रंगसुद्धा थांबत नाय," ती म्हणाली. "मग आम्ही जाड्या पेपरने परत रेघा पाडतो. रंगाला पाय ठेवायला जागा."

"ही माती नाय."

"तेल तरी कुठं सोनं हाय? लेथवर फिरवा. हात मी लावते."

लेथ फिरला. सरूने श्वास धरून जाडा पेपर टेकवला आणि काढला. बारीक, आडव्या, गोल रेघा उमटल्या. हाशिमने भिंगाने बघितलं, मापलं, परत मापलं.

"थोडा सैल झालाय. थंड असला की टकटक करणार. तापला की फुगंल आणि गप्प होईल. चालंल, पण जन्मभर टकटक ऐकावी लागंल."

"ऐकीन. माझीच हाय."

नारळी पौर्णिमेच्या आदल्या सकाळी सरूचा टेम्पो कृष्णाबाईच्या दारात उभा राहिला. टकटक, टकटक.

"ह्यो आवाज कसला गो?" कृष्णाबाईने कमरेवर हात ठेवून विचारलं.

"इंजिन. तापलं की गप्प बसतं. माणसांचं उलट असतं."

कृष्णाबाई हसली नाही. आत जाऊन तिने सगळ्यांत नाजूक मूर्ती आणली. बोटं अशी बारीक, की माशी बसली तर माशीनेच जपावं. टेम्पोच्या मागच्या हौद्यात पेंढ्याशिवाय, उघड्या फळीवर ठेवली आणि म्हणाली, "दे रेस."

सरूने जागच्या जागी रेस दिली. कारखान्यातल्या बायका ब्रश हातात धरून बाहेर आल्या. इंजिन गरजलं, तापलं, टकटक विरली. गणपती बसल्या जागी बसून राहिला. कृष्णाबाईने खाली वाकून एकेक बोट तपासलं.

"पेंढा आणा," ती बायकांना म्हणाली. "भरा."

गाडी भरली. जोह्याच्या गल्लीत, जिथे दोन सायकली एकमेकींना सलाम करून जातात, तिथे समोरून हिरामणचा रिकामा टेम्पो आला. त्याने हॉर्न दिला. सरूने दिला नाही.

"मागं घे वयनी, मला कारखान्यात जायचंय."

"कशाला? भरून झालं."

हिरामण तिच्या हौद्याकडे बघत राहिला. "तरी मागं घे. गल्ली सोड."

"भरलेली गाडी मागं जात नाय, भावोजी. रिकामी जाते."

"आणि मी नाय गेलो तर?"

"तर बसते. इंजिन चालू ठेवून बसते. चांगलं चाललंय, ऐका."

तिने हात स्टिअरिंगवर टेकवले आणि बसली. मागे कृष्णाबाई येऊन उभी राहिली, तिच्यामागे बायका, रंगलेल्या हातांनी. हिरामणने आरशात बघितलं, मान वळवली, आणि सीटवरचं प्लास्टिक करकरवत सगळी गल्ली उलटा मोठ्या रस्त्यापर्यंत गेला.

सरूने गिअर टाकला.