ग्रेगची तोटी

रिकामं भांडं उंबऱ्याबाहेर गेलेलं आमच्या सासूबाईंना, कुंतीबाईंना, खपत नसे. शेजारणीची वाटी परत करायची असली तरी तिच्यात साखर, नाहीतर चार दाणे घालणारच. हे आधीच सांगून ठेवते, कारण त्या सकाळी आमचं सगळं तिथेच अडलं.

साल एक्याऐंशी. आमच्या ह्यांनी, म्हणजे जयरामनी, आमच्या बेटावरच्या सुरिनाम गावाजवळच्या साखर कारखान्यातली फिटरची चांगली चाललेली नोकरी सोडली होती. कशासाठी? तर कॉफीच्या भांड्यासाठी! परसातल्या झाडांची कॉफी स्वतः भाजायची, कुटायची, पहिला घोट घेतला की डोळे मिटायचे, इथवर मी समजू शकत होते. पण वर गाळणी आणि खाली किटली अशी पत्र्याची ग्रेग आमच्याकडे घरोघरी असते, तिच्यात ह्यांना एकाएकी उणिवा दिसायला लागल्या. चमचा-चमचा पाणी ओतत बसावं लागतं, मूठ पोळते, तोटी गळते. मग पत्रा कापून, डाख लावून ह्यांनी नवी ग्रेग घडवली. वर भोकांची चकती, म्हणजे पाणी एकदाच ओतलं की आपलं आपण शिंपडलं जातं. मुठीवर वाकवाच्या, म्हणजे केवड्यासारख्या झाडाच्या, पातीची वीण. आणि तोटीच्या मुळाशी आतून एक बारीक जाळी, कपात कणभरही गाळ येऊ नये म्हणून. त्या जाळीचा ह्यांना भारी तोरा. माझं मात्र डोकं फिरलं होतं. पदरात दोन मुली, आणि हे पत्रा ठोकत बसलेले!

कारखान्याच्या इंजिनियरनं त्या दिवशी दुपारी बारापर्यंत ह्यांची जागा राखून ठेवली होती. त्याच सकाळी माएबूर्गजवळच्या एका नव्या हॉटेलात ग्रेग दाखवायची होती.

"कारखान्याकडची साडेदहाची बस चुकवायची नाय," मी बजावलं. "मॅनेजर हो नाय बोलला, तर सरळ कारखान्यात जायचा."

ह्यांना बसमध्ये बसवण्यासाठीच मी सोबत निघाले. निघताना सासूबाई ग्रेगच्या गाठोड्याशी काहीतरी करत होत्या. मला वाटलं, गाठ आवळतायत.

मॅनेजर मिस्ये रेमों किडकिडीत माणूस, दर मिनिटाला घड्याळ बघणारा. जेवणाच्या दालनात पांढऱ्याशुभ्र टेबलावर ह्यांनी ग्रेग मांडली. कॉफी घालताना थोडी भुकटी कापडावर सांडली, मी दुसरीकडे पाहिलं. वरून पाणी ओतलं आणि वास सुटला. आता मिस्ये घड्याळ विसरले आणि खुर्ची ओढून जवळ बसले. झालं काम, मी मनात म्हटलं.

ह्यांनी ग्रेग कपावर वाकवली. बारीक धार आली, मग थेंब, मग काहीच नाही. आणखी वाकवली. काही नाही.

"पा कुले," मिस्ये म्हणाले. वाहत नाही.

ह्यांनी वरचा भाग उचलला, किटलीत चमचा घालून तळ खरवडला. चमच्यात तांदळाचे दाणे आले. बाकीचे जाळीवर गच्च बसले होते. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. गाठ कसली आवळत होत्या!

"दिरी?" मिस्येंनी भुवया चढवल्या. "ग्रेगमध्ये तांदूळ? कोणी टाकला?"

सासूबाईंचं नाव माझ्या जिभेवर आलं होतं. तेवढं सांगितलं असतं तर हसण्यावारी गेलं असतं. पण हे म्हणाले, "तोटीच चुकलीय, मिस्ये. आज तांदळानी तुंबली, उद्या चोथ्यानी तुंबंल. मला थोडा वेळ द्या."

मिस्येंनी पुन्हा घड्याळ पाहिलं. "अकरापर्यंत."

हॉटेलच्या स्वयंपाकघरामागे पायरीवर हे बसले. आचाऱ्याकडून स्क्रू-ड्रायव्हर आणि बत्ता मागून घेतला. ज्या जाळीसाठी कितीतरी पत्रा वाया घालवला होता, तीच आता उखडायची. जोर जास्त झाला तर तोटीच निखळणार, आणि मग दाखवायलाही काही उरणार नव्हतं.

रस्त्यावर हॉर्न वाजला.

"बस आली," मी म्हटलं.

ह्यांनी मान वर केली नाही. "तू बोलशील तर जातो," एवढंच म्हणाले.

मी ह्यांच्या हातांकडे पाहिलं. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक ह्यांनी नेमकं जाळीच्या कडेवर टेकवलं होतं. मला भीती वाटत होती. मुलींचे चेहरे डोळ्यांपुढे येत होते. तरी मी पायरीवर बसले आणि किटली दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"हाणा," मी म्हटलं.

पहिल्या फटक्याला जाळी हलली नाही. दुसऱ्याला तोटी करकरली. तिसऱ्याला जाळी सुटून आत पडली. तोवर बस गेली होती.

आत जाताना मी आचाऱ्याकडून चिमूटभर तांदूळ मागून घेतले. मिस्येंच्या देखत किटलीत टाकले. हे माझ्याकडे बघतच राहिले.

"वता आता," मी म्हटलं.

ह्यांनी कॉफी गाळली आणि ग्रेग वाकवली. जाड, काळी धार पडली, दाणे टपाटप कपात उतरले, आणि टेबलावरच्या कापडावर एक थेंब सांडला नाही. मग किटली धुऊन ह्यांनी मिस्येंना बिनतांदळाची कॉफी दिली. घोट घेऊन मिस्येंनी डोळे मिटले, अगदी ह्यांच्यासारखे.

"कोम्ये ऊ कापाव फेर?" किती करू शकाल, ते विचारत होते.

ह्यांच्याआधी मीच म्हटलं, "लागतील तेवढ्या."

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. "जाला काय काम?"

"जाला, आई," हे म्हणाले.

"व्हनारच! भांडा रिकामा कदी जाऊ दिलाय मी?"

त्यांना काय काय सुनवायचं ते मी बसमध्ये घोकून आले होते. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आत गेले आणि चुलीवर पाणी ठेवलं.

पुढे आमच्या घरून बाहेर पडलेली प्रत्येक ग्रेग आधी तांदूळ घालून, ओतून पाहिलेली असायची. तांदूळ मीच घालायचे. सुनेला अखेर वळण लागलं, असं सासूबाई गावभर सांगत.