आलीस की आलास

एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक असल्याचं सोंग वठवणारा प्रोग्रॅम म्हणजे एम्युलेटर. बाहेरचं खरं मशीन यजमान आणि आतलं सोंग पाहुणा. ही नावं दादाने घरी स्वतःचा एम्युलेटर लिहिताना ठेवली, तेव्हा त्याचं लग्न व्हायचं होतं, नाहीतर जरा विचार केला असता. पुढे त्याची धाकटी बहीण तोच एम्युलेटर घेऊन त्याच कामाच्या नोकरीला लागली. एकदा घरून ऑफिसशी फोनवर बोलताना ती म्हणाली, "यजमान सारखे बंद पडताहेत, आता सरळ बदलूनच टाकते," आणि सासूबाईंच्या हातातला चमचा खाली पडला.

आता धाकटीचे केस पिकले होते, पण दादाच्या लेखी ती धाकटीच. तिच्याकडे आलेलं काम मात्र भलतंच नवं होतं. एका रुग्णालयाला आपली माहिती भाड्याच्या मशीनवर ठेवायची होती आणि ती मशीनच्या मालकालाही दिसता कामा नये अशी अट होती. नव्या चिपमध्ये तशी सोय होती. पाहुण्याची मेमरी चिपच कुलूपबंद करणार, किल्ली चिपबाहेर येणारच नाही. यजमानाने डोकावलं तर नुसता कचरा दिसणार. सुरू होताना चिप पाहुण्याच्या मेमरीचा ठसा घेणार आणि तो रुग्णालयाने आधी काढलेल्या ठशाशी जुळला तरच गाडी पुढे. ही सोय एम्युलेटरमध्ये आणायची होती. नाही जमलं तर कंपनी बाजारातून दुसरा एम्युलेटर घेणार आणि दादाचा अडगळीत जाणार, हे साहेबांनी गोड शब्दांत सांगून टाकलं होतं.

ठसा काही केल्या जुळेना. धाकटीने सगळं उलटंपालटं केलं, चिपला शिव्या घातल्या आणि अखेर चोर घरातच सापडला. पाहुणा सुरू करताना एम्युलेटर त्याच्या मेमरीच्या एका रिकाम्या कोपऱ्यात रोमन अक्षरांत चार शब्द लिहीत असे: 'आलास? बस. जेवलास का?' रुग्णालयाच्या हिशेबात हे आदरातिथ्य नव्हतं. तेवढ्यापुरतं ते वगळावं म्हटलं, तर रुग्णालयाच्या तपासनीसांनी नाक मुरडलं. पाहुण्याच्या मेमरीत यजमान परस्पर काही लिहू शकतो, अशी सोयच त्यांना नको होती.

म्हणजे एक ओळ पुसायची, बस. पण धाकटीचा हात धजेना. दादाने लिहिलेलं बाकी सगळं एव्हाना बदललं होतं. त्याच्या हातचं एवढंच उरलं होतं.

तिला ती दोन खोल्यांची जागा आठवली. शिवणयंत्राच्या टेबलावर ठेवलेला जुना संगणक, खालच्या छापखान्याची दिवसभर चाललेली धडधड, एकुलत्या खुर्चीवर दादा आणि उलट्या बादलीवर ती. पाहुण्याच्या मेमरीत डोकावणं हा दोघांचा खेळ होता. पडद्यावर डावीकडे आकडे, उजवीकडे अक्षरं, आणि त्यातून काही अर्थ लागला की दोघं खूश. मग दादाला परगावी लिफ्टच्या कंपनीत नोकरी लागली. आई-बाबा कामावर असत. शाळेतून येऊन धाकटी कुलूप काढी, दप्तर फेकी आणि बूटही न काढता पाहुण्यात डोकावे. अशीच एकदा, दादा सुट्टीला येऊन गेल्यावर, ते चार शब्द तिला पहिल्यांदा दिसले होते. तेव्हा ते 'आलीस? बस. जेवलीस का?' असे होते.

"पाहुणा ना तो? मग आलीस काय?" तिने पुढच्या सुट्टीत दादाला विचारलं होतं.

"बरं बाई, चुकलं," तो कान खाजवत म्हणाला होता.

भाषेत तो पहिल्यापासून काठावर पास. पुढे ऑफिसातली मंडळी पाहुण्याच्या त्या स्त्रीलिंगावर दात काढू लागली, तेव्हा धाकटीने शरमेने दोन अक्षरं दुरुस्त करून टाकली होती.

न विचारता पुसणं बरं वाटेना, म्हणून तिने दादाला फोन लावला.

"दादा, तुझी ती जेवलास का विचारणारी ओळ काढावी लागतेय. ती असली की काम अडतंय."

"मग काढ की. मला काय विचारतेस?"

"तुझं तेवढंच उरलंय त्यात."

तो हसला. "माझं कुठलं? ते तू कधीच दुरुस्त केलंस. बघितलं होतं मी."

"अरे, सगळे हसायचे. पाहुण्याला कोणी आलीस म्हणतं का?"

"पाहुण्याला कोण म्हणत होतं? मशीनला जेवण विचारायला मी काय वेडा होतो? तू शाळेतून यायचीस तेव्हा घरात कोणी नसायचं. आल्या आल्या तिथे डोकावणार, हे ठाऊक होतं मला."

"मग तेव्हाच सांगायचं ना."

"त्या वयात असलं कोण सांगतं गं? आणि व्याकरण तुझंच बरोबर होतं. बरं, ठेवतो, इथे लिफ्ट अडकलीय."

धाकटीला दादाचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त आला. इतकी वर्षं आपल्याला कोणीतरी रोज जेवणाचं विचारत होतं आणि आपण त्या शब्दांचं लिंग तपासत बसलो, या विचाराने तिला रडू फुटलं. शेजारच्या टेबलावरचा सहकारी वळून पाहू लागला, तर तिने त्यालाच काम नाही का म्हणून झापलं.

मग तिने दोन्ही अक्षरं पहिल्यासारखी केली. एक साधा, कुलूप नसलेला पाहुणा सुरू केला आणि आत डोकावली.

"जेवले रे," ती पडद्याला म्हणाली आणि ओळ पुसून टाकली.

या वेळी ठसा जुळला. रुग्णालयाचा पाहुणा सुरळीत सुरू झाला. सवयीने तिने आत डोकावून पाहिलं, आणि तिला एक अक्षरही वाचता आलं नाही.