कोरी राहिलेली चकती

मी एक जुना मेणाचा ठोकळा आहे. मित्रांनो, माझ्या पोटात एका शिंप्याच्या लाळग्रंथीची गाठ आहे. त्याच्या कानाखालून ती कापली, मेणात बुडवली आणि माझा जन्म झाला. शिंपी वाचला नाही.

त्या वाईट जातीच्या, म्हणजे कर्करोगाच्या, गाठीत एक खास प्रथिन असतं. तपासणीच्या बाटलीतलं औषध त्याला चिकटलं की गाठ तपकिरी होते. म्हणून प्रयोगशाळेत नव्या रुग्णाच्या तुकड्यासोबत माझीही पातळ चकती कापून काचेवर रंगवत. ती तपकिरी झाली तर औषध चांगलं. कोरी राहिली तर औषध बिघडलेलं, तपासणी पुन्हा! वर्षानुवर्षं मी झिजलो, पण एकदाही दगा दिला नाही. "ठोकळा असावा तर असा," सगळे म्हणत आणि मी फुगून जाई. त्याच कौतुकानं घात केला.

प्रयोगशाळा झाडणाऱ्या मावशींच्या कानाखाली गाठ आली. "मावशी, गालात काय लपवलंय? एकट्याच खाताय!" असं सगळे चिडवत. त्याही हसत. शेवटी सुईनं तुकडा काढला.

नेमकी तेव्हाच, फ्रिज पुसताना काढलेली औषधाची बाटली तंत्रज्ञ बाहेर विसरला होता. सुट्टीभर ती खिडकीत तापली. नंतर त्यानं ती गुपचूप आत सरकवली. मावशींचा तुकडा कोरा राहिला. माझी चकतीही कोरीच राहिली. जीव तोडून ओरडावंसं वाटलं, पण मेणाला तोंड कुठलं?

"ठोकळ्याची चकती बघितलीस?" डॉक्टरांनी विचारलं.

"त्यात काय बघायचं, सर? तो रंगतोच."

"मग साधी गाठ आहे म्हणून लिही."

मावशी दारातच होत्या. "जीव भांड्यात पडला बाई! लेकीला सांगते, आता रडू नकोस म्हणून." मग त्यांनी टेबल आवरलं. माझ्या चकतीची काच त्यांनीच कचऱ्यात टाकली.

वर्षभरात गाठीनं चेहऱ्याची नस खाल्ली. मावशींचा एक डोळा मिटेना, तोंडातून पाणी गळू लागलं. गाठ कापून पुन्हा तपासली, नव्या बाटलीतल्या औषधानं. ती गडद तपकिरी झाली.

"काय झकास रंगलीय!" तंत्रज्ञ म्हणाला. "जुना ठोकळा संपतच आलाय. आता हीच वापरू." बाहेर बाकावर लेक आईची हनुवटी पुसत होती.

आता मावशींचा ठोकळा माझ्या शेजारी खणात आहे, आणि मावशी कुठेच नाहीत. मित्रांनो, जो कधीच चुकत नाही, त्याच्याकडेही रोज एकदा नीट बघत जा. एवढंच मागणं आहे. काल एका नव्या रुग्णासोबत मावशींची चकती पहिल्यांदा रंगवली.

"बघितलीस?" डॉक्टरांनी विचारलं.

"मावशींची आहे, सर. रंगलीच असेल."