चटईमागची लेक

सहलीचे लोक येणार म्हटलं की माझ्या माहेरच्या टीव्हीवर पहिली चटई पडते. मग फ्रिजचा नंबर. मग प्लास्टिकच्या खुर्च्या, टेबलफॅन आणि शेवटी आईच्या नाकावरचा चष्मा. घर कसं अस्सल दिसलं पाहिजे, असं माझा नवरा म्हणतो. चष्मा घालून विणणारी म्हातारी त्याच्या मते अस्सल नसते.

नवरा गाइड आहे. समुद्राला मिळायच्या आधी नदीला हाताच्या बोटांसारखे फाटे फुटतात, त्या फाट्यांमधल्या बेटांवर आमचे मूठभर लोक राहतात. बोली आमची वेगळी, घरं खांबांवर. शहरातून माणसं एका दिवसाच्या सहलीला येतात. हा त्यांना पक्षी दाखवतो, खारफुटी दाखवतो आणि जेवणाआधी माझी आई दाखवतो.

काल त्या चटईमागे टीव्ही आणि फ्रिजच्या सोबतीला मीही होते.

झालं असं, की याच्यावरूनच आमचं वाजलं होतं आणि मी शहरातलं आमचं घर सोडून रुसून माहेरी येऊन बसले होते. निघताना म्हटलं होतं, ‘‘एवढी हौस असेल तर तुझ्या आईला बसव की बिनचष्म्याची!’’ पहिले काही दिवस त्याचा फोनच घेतला नाही. मग घेतला. परवा तो रडकुंडीला येऊन म्हणाला, ‘‘ही शेवटची फेरी. यापुढे फक्त पक्षी. परतीच्या होडीत तू माझ्या शेजारी बसून यायचं, सगळ्यांच्या देखत.’’ सांगायला लाज कसली, मला त्याची फार आठवण येत होती. मी रात्रीच पिशवी भरून ठेवली.

सकाळी होडी लागताच तो पाहुण्यांच्या पुढे धावत आला आणि माझ्याकडे बघून मटकन खाली बसला. शहरात जायचं म्हणून मी चांगले कपडे घातले होते, नखं रंगवली होती. ‘‘अगं, तू अशी दिसलीस तर सगळं मुसळ केरात! थोडा वेळ चटईमागे बस ना. राणी ना माझी?’’

आणि मी बसले. गाढवासारखी जाऊन बसले. राणी म्हटलं की माझी अक्कल गहाण पडते.

फळ्या करकरल्या. माणसं आत आली. मी चटईच्या फटीतून बघत होते. आई भिंतीला टेकून लव्हाळ्याची चटई विणत होती. नवऱ्याने पाहुण्यांच्या भाषेत लव्हाळं कसं कापतात, कसं वाळवतात ते सांगितलं. तेवढं सगळं खरं होतं. मग तो आमच्या बोलीत आईला म्हणाला, ‘‘आई, बोला ना काहीतरी.’’

आई म्हणाली, ‘‘काय बोलू? चष्म्यावाचून दिसत नाही. ही कड मी उलटी विणत्येय बहुतेक.’’

तो पाहुण्यांकडे वळला. आवाज खाली आणला. ‘‘ती म्हणतेय, तिला एकच मुलगी होती. पुरात गेली. तेव्हापासून ती रोज नदीकडे तोंड करून विणते. मुलगी परत आली तर तिला बसायला चटई हवी म्हणून.’’

अग्गं बाई! मी ओठ दाताखाली धरले. मेल्या, तुझ्या जिभेला काही हाड? आईला एकच मुलगी आहे आणि ती मी! सकाळी राणी म्हणून बसवलं आणि जेवणाच्या आत बुडवून मोकळा! फ्रिज माझ्या पाठीशी घूं घूं करत होता. एक पाय मुंग्या येऊन मेला होता, पण दुसऱ्यावर उभी राहून मी चटईला हात घातला. म्हटलं, हे बघा भूत, नखं रंगवून आलंय!

तेवढ्यात पाहुण्यांतली एक बाई खाली बसली. बसली म्हणजे कोसळलीच. तिने आईचे दोन्ही हात धरले. लव्हाळं सांडलं. ती म्हणाली, ‘‘माझीही मुलगी पाण्यातच गेली हो.’’

नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. आईला काय सांगावं, हे त्याला सुचेना.

आईला सांगावं लागलंच नाही. तिने त्या बाईच्या भाषेत, एकेक शब्द जपून ठेवत विचारलं, ‘‘किती मोठी होती, ताई?’’

‘‘शाळेत होती. पोहायला येत होतं तिला.’’

‘‘काळजाचा तुकडा होता तुमचा,’’ आई म्हणाली. ‘‘त्याला विसरायचं नाही. पण जेवायचं. झोपायचं. बरं का?’’

हे वाक्य मला पाठ होतं. दुपारच्या मालिकेतली मोठी जाऊ रोज कुणाला ना कुणाला हेच ऐकवते. ज्या टीव्हीवर नवरा चटई टाकतो, त्याच टीव्हीसमोर बसून आई पाहुण्यांची भाषा शिकली होती. मला पत्ता नाही, त्याला पत्ता नाही. म्हणजे आजवर आलेल्या प्रत्येक टोळक्यासमोर तिने स्वतःच्या लेकीचं मरण ऐकलं होतं आणि कड विणत राहिली होती.

बाईने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. आई तिच्या केसांतून हात फिरवत होती आणि मान माझ्याकडे, चटईकडे वळवून हळूच नाही नाही करत होती.

मी हात काढून घेतला. आता बाहेर आले असते तर त्या बाईच्या रडण्याचा तमाशा झाला असता. मला इतकी लाज वाटली, की धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं. लाज नवऱ्याची वाटली, आणि माझीही. शहरात मी जिथे कामाला आहे तिथे कुणाला ठाऊक नाही मी बेटावरची आहे ते. विचारलं तर मी गोल गोल बोलते. नवऱ्याने मला काल बुडवलं; मी माझ्या आईला कधीचीच बुडवून बसले होते.

लोक धक्क्याकडे निघाल्यावर तो चटईमागे आला. चेहरा पांढराफटक. ‘‘चल, पिशवी घे.’’

‘‘कशी येऊ?’’

‘‘मागच्या बाजूने चढ. सांगतो, इथलीच कुणीतरी आहे, बाजाराला चाललीय.’’

‘‘सगळ्यांच्या देखत म्हणाला होतास.’’

‘‘अगं, त्या बाईकडे बघ ना! आता कसं सांगू?’’

आईने चष्मा घातला. ‘‘जावईबापू, बुडालेली लेक होडीत कशी बसवणार?’’ हे ती पाहुण्यांच्या भाषेत म्हणाली.

तो जमिनीकडे बघत म्हणाला, ‘‘आई, शप्पथ, मला ठाऊक नव्हतं तुम्हाला कळतं म्हणून.’’

‘‘म्हणजे कळत नसतं तर चाललं असतं?’’

खाली कुणीतरी त्याला हाक मारली आणि तो सुटल्यासारखा पळाला.

‘‘बोलली का नाहीस गं कधी?’’ मी आईवर खेकसले. राग दुसऱ्याचा, निघाला तिच्यावर.

‘‘तुझा संसार, बयो. झाकली मूठ राहू दे म्हटलं.’’ ती खाली वाकून लव्हाळं गोळा करायला लागली. ‘‘आणि पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, चुकीचं ऐकू आलं असेल मला.’’

मी पिशवी उचलली आणि धक्क्यावर गेले. लपले नाही. होडी नुकतीच सुटली होती, मधे जेमतेम गुडघाभर चिखलपाणी. ती बाई मागच्या फळीवर बसली होती, डोळे सुजलेले. तिने मला पाहिलं. माझे कपडे, माझी पिशवी. नवऱ्याला विचारलं, ‘‘ही कोण हो?’’

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, बोल. माझी बायको, एवढंच म्हण. पुढचं काय व्हायचं ते होऊ दे, आपण दोघं मिळून त्या बाईचे पाय धरू. मी चपला हातात घेतल्यासुद्धा.

‘‘शेजारीण आहे,’’ तो म्हणाला.

बाईने हात उंच केला. पाण्यावरून तिचा आवाज स्वच्छ आला. ‘‘त्या माउलीकडे लक्ष द्या हं, तिला कुणी नाही!’’

होडी वळत होती. नवरा माझ्याकडे बघत नव्हता. बाई मात्र हात तसाच वर धरून उत्तराची वाट बघत होती.

‘‘देईन,’’ मी ओरडून सांगितलं. ‘‘शेजारीच राहते मी.’’